स्वदेशी इंधन हवे, झाकलेले माप नको

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या धोरणावर सध्या दोन्ही बाजूंनी बेताल बोलले जात आहे. ‘गाडीचे अ‍ॅव्हरेज निम्म्यावर आले’ अशी आवई एक बाजू उठवते. ‘काडीचाही फरक पडत नाही’ असे दुसरी ठणकावते. दोन्ही विधाने असत्य आहेत आणि असत्याच्या पायावर स्वदेशीची इमारत उभी राहत नसते.

धोरण राष्ट्रहिताचे आहे, याविषयी शंका नको. खनिज तेलासाठी परक्यांपुढे हात पसरणारा देश ताठ मानेने उभा राहू शकत नाही. अटलजींच्या शासनकाळात, जानेवारी २००३ मध्ये, महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा आरंभ झाला. २०२२ मध्ये दहा, तर २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. जुन्नरच्या ‘विघ्नहर’ आणि आंबेगावच्या ‘भीमाशंकर’ सहकारी साखर कारखान्यांना ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला इथेनॉलचे महत्त्व सांगावयास नको.

परंतु तोच शेतकरी आपल्या जुन्या मोटारसायकलवरून नारायणगावच्या नाहीतर मंचरच्या बाजाराला जातो. उसाचा भाव घेताना तो उत्पादक असतो, पंपावर ग्राहक असतो. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जात असेल, तर त्याचा हिशेब त्याला कळावयास नको काय?

हिशेब सरळ आहे. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच वीस टक्के मिश्रणाने जुन्या धाटणीच्या मोटारींत सहा ते सात, तर दुचाकींत तीन ते चार टक्के घट येईल, असे नमूद केले आहे. लिटरला पन्नास किलोमीटर धावणारी दुचाकी अठ्ठेचाळीस धावेल. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पाऊण लिटरहून थोडे जास्तच इंधन अधिक लागेल.

यावर काही जण उंचीकडे बोट दाखवतात. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर आहे. तेथे हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी कमी असतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत हवा विरळ झाली, तरी पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही आणि काही अंश वाया जातो. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत सेन्सर हे प्रमाण सांभाळतो. घाटाची चढण इंधन खाते, हेही खरे. पण ही उंची आणि हे घाट काल का निर्माण झाले? शिवनेरी होता तेथेच आहे. बदलले ते टाकीतील इंधन!

त्याच आराखड्याने या घटीच्या भरपाईसाठी मिश्रित इंधनावर करसवलतीचा विचार सुचवला होता. पंपावर मात्र त्यासाठी वेगळा, कमी दर दिसत नाही. आराखड्यातील आकडे घ्यावयाचे आणि उपाय गाळावयाचा, हा कोणता न्याय?

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, ती चोख मापाच्या आग्रहासाठीच. तोच आग्रह आज धरला पाहिजे. प्रत्येक पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक मराठीत लिहावे. दर ऊर्जेच्या प्रमाणात असावा. जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचा पर्याय रास्त दरात मिळावा. स्वदेशीसाठी झीज सोसावयास हा समाज कधीच मागे हटलेला नाही. मात्र ती झीज त्याला सांगून, त्याच्या संमतीने व्हावी. विश्वासात घेतलेला ग्राहक हाच स्वदेशीचा खरा सैनिक होय.