विटाळ कागदात शिरला

फोर्कलिफ्ट आली, हमालाच्या मानेवरचं ओझं गेलं, आता जात कशाला काढता? असं विचारणारे शहाणे अधूनमधून भेटतात. त्यांनी गोडाउन बाहेरून बघितलेलं असतं. मी आतून बघितलंय. १९८६ पासून पाच वर्षं तुर्भ्याच्या एका गोडाउनात तीन टनी डिझेल फोर्कलिफ्ट चालवलीय. म्हणून बोलतो.

माझा बाप शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढायचा. माणसाला ५५ किलोच्या वर ओझं देऊ नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनं १९६७ सालीच केली होती. ती बापाच्या पाठीपर्यंत पोचलीच नाही. मी मात्र एक लिव्हर ओढला की वीस पोती एका दमात वर. तेव्हा यंत्र वाईट असतं, हे मला कुणी शिकवू नये.

पण हे यंत्र कुणालाही चालवता येत नाही, दोस्तांनो. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते. वळवली की शेपूट बाहेर फेकते, आणि नेमका तिथंच हेल्पर उभा असतो. माल उंच धरून वळलात की गाडी कलंडते. पुढचं दिसेनासं झालं की रिव्हर्समध्ये जायचं. भरली गाडी उतारावरून न्यायची तीही रिव्हर्समध्येच. आणि कलंडायला लागली तर उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरून बसायचं. उडी मारणारा तिच्याच टपाखाली सापडतो. हे हुन्नर आहे. हातापायांत मुरवावं लागतं.

मस्टरवर मात्र मी 'हेल्पर'. पगार हेल्परचा. शेजारच्या गाडीवर मुकादमाच्या भावकीतला पोरगा. तो 'ऑपरेटर'. गाडी तसलीच, पाळी तीच, थप्पी तेवढीच. त्याला ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मिळालं. मी मागितलं तर मुकादम म्हणाला, "तुला सीटवर बसवला हेच बक्कळ झालं."

गिरणीत तरी दुसरं काय झालं होतं? विणकाम खात्यात पैसा जास्त. पण धोट्यातलं सूत तोंडानं ओढावं लागायचं, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात बंदी. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. तेच बाबासाहेब १९४५ साली गांधींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेताना म्हणाले की दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. माझ्या फोर्कलिफ्टवर तोंडानं ओढायचं सूत नव्हतं. विटाळाला जागाच उरली नव्हती. मग विटाळ कागदात शिरला. मस्टरच्या एका रकान्यात जाऊन बसला.

आज भिवंडीत गोडाउनांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. आपल्या वस्तीतली पोरं तिथं पाळ्या करतात. सीटवर बसायला मिळालं म्हणून खूश होतात. खूश व्हा, पण तिथंच थांबू नका. नेमणुकीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट मागा, पगाराची पावती मागा. एकट्यानं नको, दहाजणांनी मिळून मागा. युनियनवाला म्हणेल, कामगाराला जात नसते. त्याला मस्टर दाखवा आणि रकाना वाचायला लावा.

बापाच्या पाठीवरचं पोतं यंत्रानं उतरवलं. नावापुढचा 'हेल्पर' कुठलंही यंत्र उतरवणार नाही. तो आपल्यालाच उतरवायचाय.