हे लिहिलंय कुणी?

सुरुवातीच्या इंटरनेटविषयी हळवं होऊन बोलणं आता रुळलं आहे. मोडेमची घरघर, सायबर कॅफेत तासावर मोजलेले पैसे, ऑर्कुटवर मित्राने टाकलेला स्क्रॅप अशी उजळणी होते आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं: तेव्हाची माणसं सभ्य होती, आता सगळा बाजार झाला. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो आणि घातकही. माणसंच बिघडली असं एकदा ठरवलं की करण्यासारखं काही उरतच नाही, फक्त उसासे उरतात. ऑनलाइन वागणुकीवर माणसाच्या स्वभावापेक्षा त्याच्या हातातल्या साधनाच्या घडणीचा परिणाम अधिक होतो, असं माझं म्हणणं आहे. जुन्या साधनांत लिहिणाऱ्याचं नाव मजकुराला चिकटून राहायचं आणि मजकूर उचलून दुसरीकडे न्यायला थोडे कष्ट पडायचे. आजच्या साधनांत मजकूर अंगठ्याच्या एका स्पर्शाने पुढे जातो आणि नाव वाटेत गळून पडतं. हळवं व्हायचंच असेल तर या फरकासाठी व्हावं, कारण निदान हा फरक भरून काढता येतो.

त्या कथित सुवर्णकाळात लोक मुळातच सभ्य असते तर त्यांना नियमावली लागली नसती. विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ऑक्टोबर १९९५ मध्ये, आरएफसी १८५५ या क्रमांकाचं एक टिपण प्रसिद्ध झालं. ते इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलं होतं आणि त्याचा विषय इंटरनेटवर कसं वागावं हाच होता. साखळीपत्रं पाठवू नका, आलेला मजकूर पुढे पाठवताना त्यातले शब्द बदलू नका, खासगी पत्र चारचौघांत मांडायचं असेल तर आधी परवानगी घ्या, मूळ लेखकाचा उल्लेख करा, अशा सूचना त्यात आहेत. आज सोसायटीच्या ग्रुपवर चिकटवावी अशी ही यादी तीस वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे तेव्हाही लोक साखळीपत्रं पाठवत होते आणि दुसऱ्याचं लिखाण नाव काढून फिरवत होते. त्याही आधी, युजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या मुरलेल्या मंडळींची तक्रार असे की दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांत नवे विद्यार्थी दाखल होतात आणि गोंधळ घालतात. पण काही आठवड्यांत ते रीतभात शिकून घेत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी कंपन्यांनी युजनेटची दारं आपल्या ग्राहकांना उघडली आणि नवख्यांचा ओघ बारमाही झाला. शिकवणारे थोडे आणि येणारे अफाट, अशी स्थिती झाली. माणसाचा स्वभाव दोन वर्षांत पालटत नाही. पालटलं ते शिकण्या-शिकवण्याचं प्रमाण.

मराठीपुरतं बोलायचं तर त्या काळाकडे परत जावं असं कोणाही मराठीप्रेमी माणसाने म्हणू नये. प्रत्येक वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचा फॉन्ट वेगळा असे. तो उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांग दिसे, कारण त्या फॉन्टांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच खणांत कोंबलेली होती. पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी तो भलताच वर्ण असे, त्यामुळे मराठीत शोध घेणं जवळपास अशक्य होतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण घरोघरच्या संगणकांत ती नीट उमटू लागली विंडोज २००० आणि एक्सपीनंतर. मायबोलीसारखं संकेतस्थळ १९९६ मध्ये सुरू झालं हे खरं आणि कौतुकाचंही. मराठी विकिपीडिया २००३ चा. पण या सगळ्यात भाग घ्यायला संगणक, टेलिफोन आणि बऱ्यापैकी इंग्रजी लागत असे. जो आटोपशीर, सुसंस्कृत कट्टा आज आठवतो, तो आटोपशीर होता कारण बहुसंख्य मराठी माणसं त्याच्या बाहेर होती. शेतकऱ्याला, अंगणवाडी सेविकेला, पेन्शनीत निघालेल्या मास्तरांना आपल्या भाषेत लिहायची सोय स्मार्टफोनने दिली. त्यांच्या येण्याने इंटरनेट बिघडलं, असं कुणी आडून सुचवत असेल तर तो सूर मला अजिबात मान्य नाही.

तरीही काहीतरी हरवलं आहे, आणि ते काय हे पाहायला एखादा फॉरवर्ड जवळून पाहावा. वर ‘अप्रतिम लेख, नक्की वाचा’. मग ठळक अक्षरांतला मथळा. मग तीन-चार परिच्छेद, बहुधा खरोखर मेहनतीने लिहिलेले. शेवटी हात जोडलेले आणि त्यांच्याखाली ‘लेखक अनामिक’ किंवा, त्याहून वाईट, एखाद्या दिवंगत साहित्यिकाचं नाव. पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले, व. पु. काळे २००१ मध्ये. त्यांनी कधीच न लिहिलेला मजकूर त्यांच्या नावावर अजूनही फिरतो. यात दोघांवर अन्याय होतो: ज्याने लिहिलं त्याचं श्रेय जातं आणि ज्याने लिहिलं नाही त्याच्या माथी दुसऱ्याची वाक्यं बसतात. शिवाय लिहिणारा सापडत नाही म्हणून चूक कुणाच्या लक्षात आली तरी ती सांगायची कुणाला? दहा ग्रुपांपैकी एकात कुणी दुरुस्ती केली तरी उरलेल्या नऊंना तिचा पत्ता लागत नाही. पूर्वी लेखाखालीच कुणी खोडून काढलं की पुढचा वाचक दोन्ही वाचत असे. भांडणं तेव्हाही होत, कडाक्याची होत, पण ती मजकुराच्या शेजारी होत.

बेनामी मजकुराची किंमत केवळ साहित्यिक नसते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याच्या अफवा त्या काळात फोनवरून पसरत होत्या. त्या संदेशांखाली कुणाचं नाव नव्हतं आणि त्यांची शहानिशा करायची जागाही नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण येऊ लागली. पुढे ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं, आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार अशा संदेशांचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं. या घटनाक्रमातच माझ्या म्हणण्याचा सर्वांत मोठा आधार आहे. माणसं तीच, त्यांचे पूर्वग्रह तेच. वाटेत एक छोटासा अडसर घातला आणि वागणं बदललं. हा अडसर पुरेसा नाही, कारण मजकूर कॉपी करून चिकटवला की ती खूण नाहीशी होते.

यावर कुणी म्हणेल, हा घरगुती संवाद आहे, मामाने भाच्याला काय पाठवलं याला संदर्भसूची कशाला? मामा स्वतःचं लिहितो तोवर हे बरोबर आहे. पण आलेला मजकूर पुढे ढकलताना तो बोलत नसतो, प्रकाशित करत असतो, आणि प्रकाशकाला नाव द्यावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मजकुराला नाव हवं म्हणाल तर सरकारच्या हाती कोलीत द्याल. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संदेशाचा पहिला पाठवणारा शोधून देण्याची अट आहे आणि तिच्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. या मुद्द्यावर मी त्या अटीच्या विरोधात आहे. प्रत्येकाच्या पत्रावर पाळत ठेवता येईल अशी व्यवस्था अफवांपेक्षा मोठं संकट ठरेल. मला हवी आहे ती पाठवणाऱ्याने आपणहून पाळायची रीत: नाव माहीत असेल तर ठेवायचं, मूळ दुवा मिळत असेल तर तोच पाठवायचा, यातलं काहीच नसेल तर मजकूर आपल्यापाशी थांबवायचा.

ही रीत घालून द्यायची कुणी? ग्रुप ॲडमिनने. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान उद्देश सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला गुन्हेगार ठरवता येणार नाही. निकाल योग्यच आहे, पण कायद्याने जबाबदारी नाही म्हणजे कसलीच जबाबदारी नाही, असा सोयीचा अर्थ अनेक ॲडमिननी मनाशी काढलेला दिसतो. २०२२ पासून त्यांना ग्रुपमधला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो. हा अधिकार वापरण्याआधी बेनामी लेखाखाली ‘हे लिहिलंय कुणी, कुठे छापून आलंय?’ एवढं सर्वांसमोर विचारावं. मागे युजनेटवरच्या जुन्या मंडळींनी नवख्यांना असंच शिकवलं होतं. साठ-सत्तर जणांच्या सोसायटीच्या ग्रुपमध्ये ते आजही जमू शकतं, कारण तिथे येणारे अफाट नाहीत आणि सगळे एकमेकांना नावानिशी ओळखतात.