क्यूआर कोड म्हणजे सरकारी शिक्का नव्हे!

मंडळी, क्यूआर कोडबद्दल आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, "तो चौकोन नुसता स्कॅन केला तरी खातं साफ होतं." दुसरा म्हणतो, "क्यूआर छापलाय म्हणजे काम अधिकृतच असणार." दोघंही चुकताहेत. पण माझ्या मते दुसरी चूक जास्त महागात पडणारी आहे. पहिल्या चुकीमुळे माणूस फार तर रोखीनं पैसे देतो. दुसरीमुळे तो डोळे मिटून पैसे देतो.

मुळात हा चौकोन आहे तरी काय? 1994 साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कशासाठी, तर कारखान्यात मोटारीच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत लिहिलेला मजकूर, एवढंच ते. त्याला पाकिटावरचा पत्ता समजा. पत्ता वाचला म्हणून कुणाची तिजोरी फुटत नाही. आणि पत्ता सुबक छापलाय म्हणून त्या घरात राहणारा माणूस सज्जन ठरत नाही.

आता बाजारात या. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर जो कोड लटकतो, त्यात त्यांचा यूपीआय आयडी आणि नाव असतं. कुणी त्याचा फोटो काढून नेला तर तो मावशींना पैसे पाठवू शकतो, काढू शकत नाही. त्यामुळे "माझा क्यूआर कुणाकडे गेला तर?" ही भीती बिनबुडाची आहे. पैसे जातात ते आपण रक्कम बघून पिन टाकल्यावर. यूपीआय लाइट चालू असेल तर छोटी रक्कम पिनशिवाय जाते, पण तिथंही बटण आपणच दाबतो. मात्र स्कॅन केल्यावर एखादी लिंक उघडली आणि "हे अ‍ॅप डाउनलोड करा" असं आलं, तर तिथूनच परत फिरायचं.

एक गोष्ट तर भिंतीवर लिहून ठेवा: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच नाही. जुनी गाडी, जुनं कपाट ऑनलाइन विकायला काढलं की "मी लष्करात आहे, कोड पाठवतो, स्कॅन करा, पैसे जमा होतील" असा फोन येतो. तुम्ही स्कॅन करून पिन टाकलात की पैसे जमा होत नाहीत, तुमच्याच खात्यातून जातात.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. महाराष्ट्रात 1 ऑगस्ट 2023 पासून गृहप्रकल्पांच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. नियम चांगलाच आहे. पण कित्येकांनी त्याचा अर्थ असा लावला, की कोड दिसला म्हणजे प्रकल्पाची हमी सरकारनं घेतली. तसं नाही. तो कोड तुम्हाला त्या प्रकल्पाच्या माहितीपर्यंत नेतो. ती वाचायची तुम्हालाच: जमीन कुणाची, मंजुरी कशाकशाची, ताबा कधी, तक्रारी किती. कोड बघून खिशात फोन परत ठेवणारा माणूस आणि कोड नसलेली जाहिरात बघणारा माणूस, दोघंही सारख्याच अंधारात.

औषधांचंही तेच. त्याच तारखेपासून देशातल्या 300 ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर आला. स्कॅन केल्यावर येणारा बॅच नंबर आणि मुदत हातातल्या वेष्टनावरच्या छपाईशी ताडून बघायची, तेव्हा कुठं त्याचा उपयोग. कारण चौकोनाची नक्कल कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात होते. आधारवरच्या कोडमध्ये डिजिटल सही असते, म्हणून तो अधिकृत अ‍ॅपमध्ये तपासता येतो. दुकानातल्या स्टिकरचं तसं नसतं.

आणि खरी गोम इथंच आहे. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशात खजुराहोला चोरट्यांनी रात्रीतून दुकानांचे आणि पेट्रोल पंपाचे क्यूआर बदलले. गिऱ्हाईक पैसे देतंय, दुकानदार माल देतोय आणि पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. कुलूप तोडलं नाही, गल्ला फोडला नाही. नुसता एक कागद चिकटवला.

यावर उपाय एकच, नाव बघणं. 2025 च्या जूनअखेरपासून पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंद असलेलं नाव दाखवणं यूपीआय अ‍ॅपना सक्तीचं झालंय. पण आपल्याकडे पाटीवर नाव देवाचं, कोड मुलाचा आणि खातं बायकोच्या नावावर! गिऱ्हाइकानं नाव बघितलं तरी त्याला काय कळणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सगळी जबाबदारी गिऱ्हाइकावर ढकलून चालणार नाही. प्रत्येक दुकानदारानं, देवस्थानानं, गणेश मंडळानं आणि घरपट्टी-पाणीपट्टी घेणाऱ्या ग्रामपंचायतीनं कोडखाली खातेदाराचं नाव ठळक अक्षरात लिहावं. दानपेटीशेजारचा कोड तर काचेच्या आत लावावा. सकाळी शटर उघडल्यावर देवाला उदबत्ती लावतो ना, तेव्हाच स्वतःचा कोड एकदा स्कॅन करून बघावा. खर्च शून्य. आणि गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी टिक बघून माल देऊ नये, तशी टिक दाखवणारी बनावट अ‍ॅप आहेत. आपला साउंडबॉक्स बोलला किंवा आपल्या खात्यात दिसलं, तरच पैसे आले.

व्यापारी संघटनेनं आणि नगरपालिकेनं हे एका आठवड्यात करून घ्यावं. पत्रक नको, उद्घाटन नको. बाजारातून एक फेरी मारली तरी पुरे.

आणि तरीही फसलात, तर लाजू नका. लगेच 1930 ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता येतात, म्हणून इथं मिनिटा-मिनिटाला किंमत आहे. "लोक काय म्हणतील" म्हणून दोन दिवस गप्प बसणं हीच चोराची सगळ्यात मोठी कमाई असते.