अनुदान आयोग की फर्मान आयोग?

६ जानेवारी २०२५ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने कुलगुरू आणि प्राध्यापक यांच्या नेमणुकांविषयीच्या नव्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. तीनच दिवसांत तामिळनाडू विधानसभेने, आणि त्याच महिन्यात केरळ विधानसभेने, तो मागे घेण्याची मागणी करणारा ठराव संमत केला. विरोधी पक्षांच्या राज्यांचा हा नित्याचा कांगावा आहे, असे म्हणून या ठरावांची बोळवण करणे दिल्लीला सोयीचे होते. परंतु मसुद्याचा मजकूर ज्याने एकदा नजरेखालून घातला असेल, त्याला हा वाद पक्षापक्षांतला नाही हे उमगल्यावाचून राहणार नाही.

मसुद्यानुसार कुलगुरूंच्या निवडीसाठीची शोध समिती तिघांची. एक कुलपतींचा प्रतिनिधी, तोच अध्यक्ष. दुसरा अनुदान आयोगाच्या अध्यक्षांचा. तिसरा विद्यापीठाच्या सर्वोच्च मंडळाचा. बहुतेक राज्यांत कुलपती म्हणजे राज्यपाल, आणि राज्यपाल म्हणजे केंद्राने नेमलेला माणूस. आयोगाचे अध्यक्षही केंद्रानेच नेमलेले. म्हणजे तीन किल्ल्यांपैकी दोन किल्ल्या दिल्लीच्या कमरेला! जे राज्य सरकार विद्यापीठाचा कायदा करते, प्राध्यापकांचे पगार देते, त्याला या समितीत बसायला पाटही नाही. शिवाय उद्योग, प्रशासन किंवा सार्वजनिक उपक्रम यांत दहा वर्षे वरिष्ठ पदावर काढलेली व्यक्तीही कुलगुरू होऊ शकेल, असे मसुदा म्हणतो. वर्गात कधीही खडू हाती न धरलेला गृहस्थ विद्यापीठाच्या शिरोभागी बसण्याची ही सोय आहे. आणि जे विद्यापीठ हे नियम पाळणार नाही, त्याला आयोगाच्या योजनांतून वगळण्याची, इतकेच नव्हे तर पदवी अभ्यासक्रम चालविण्यास मनाई करण्याची धमकीही मसुद्यात आहे.

भिंत बांधली होती, तिचा दरवाजा कोणी केला?

आयोगाचा जन्म मुळात कशासाठी झाला, याचे स्मरण येथे अगत्याचे आहे. इंग्लंडमध्ये १९१९ साली अशी समिती स्थापन झाली, ती सरकारी खजिना आणि विद्यापीठे यांच्यामध्ये एक आडभिंत असावी म्हणून. पैसा जनतेचा, परंतु काय शिकवावे आणि कोणी शिकवावे हे मंत्र्याने ठरवू नये, हा त्यामागचा विचार. स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने तीच शिफारस केली. १९५३ च्या अखेरीस मौलाना आझादांच्या हस्ते अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले आणि १९५६ साली त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळाले. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदावर पाणी सोडलेले चिंतामणराव देशमुख या आयोगाचे अध्यक्ष झाले. पटत नसेल तर मंत्रिपदाचा राजीनामा देणारा माणूस आयोगाच्या खुर्चीवर बसणे आणि मंत्रालयाची भुवई वर जाताच परिपत्रक काढणारे मंडळ त्या जागी येणे, या दोन घटनांमधील अंतर म्हणजेच भारतीय उच्च शिक्षणाच्या ऱ्हासाचा इतिहास.

मात्र दोष केवळ व्यक्तींचा नाही. १९५६ च्या कायद्यातच चोरवाट ठेवलेली आहे. बाराव्या कलमाने आयोगाला विद्यापीठांशी विचारविनिमय करून दर्जा राखण्याचे कर्तव्य सांगितले. परंतु विसाव्या कलमाने राष्ट्रीय हेतूंशी संबंधित धोरणाच्या प्रश्नांवर केंद्र सरकारच्या आदेशांनुसार चालण्याचे बंधन त्याच्या गळ्यात बांधले. एखादा प्रश्न धोरणाचा आहे की नाही, असा वाद उद्भवला तर निर्णय कोणाचा? तोही केंद्र सरकारचाच! वादी तोच न्यायाधीश. पुढे १९७६ साली, देश आणीबाणीच्या टाचेखाली असताना, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून काढून समवर्ती सूचीत टाकले. आणीबाणी गेली, शिक्षणाची ही बदली मात्र आजतागायत कायम आहे.

आज्ञाधारकपणाचा दप्तरी पुरावा

आयोग कोणाच्या तालावर चालतो, हे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली घाईघाईने चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम लादला. शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर आले. आयोगाने तो रोखला नाही. मे २०१४ मध्ये केंद्रात सरकार बदलले आणि जूनमध्ये त्याच आयोगाला साक्षात्कार झाला की हा अभ्यासक्रम बेकायदेशीर आहे. तो रद्द करण्याचा आदेश निघाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीची पाठराखण केली, तेव्हा आयोग तिचाच प्रचारक झाला आणि २०२२ पासून दिल्ली विद्यापीठात ती पुन्हा अवतरली. अभ्यासक्रम चांगला की वाईट, हा येथे मुद्दा नाही. दहा वर्षांच्या आत तीन भूमिका, आणि प्रत्येक भूमिका त्या-त्या वेळच्या मंत्रालयाची! याला दर्जाची राखण म्हणत नाहीत. याला वाऱ्यावरचे कोंबडे म्हणतात.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या निकालाचा हवाला देऊन ५ मार्च २०१८ रोजी आयोगाने परिपत्रक काढले, की प्राध्यापकांच्या जागांचे आरक्षण मोजताना विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरावा. हिशेब सरळ होता. तेरा बिंदूंच्या त्या नामावलीत इतर मागासवर्गीयांची पाळी चौथ्या जागेवर, अनुसूचित जातींची सातव्या आणि अनुसूचित जमातींची चौदाव्या. तीन-चार प्राध्यापकांच्या विभागात आदिवासी उमेदवाराने चौदाव्या नेमणुकीची वाट पाहायची तर त्याच्या पिढ्या खपतील. सर्वोच्च न्यायालयात अपील होईपर्यंत थांबावे, एवढेही आयोगाला सुचले नाही. अखेर देशभरच्या दलित, आदिवासी आणि मागास तरुणांच्या आंदोलनापुढे सरकारला मार्च २०१९ मध्ये वटहुकूम काढावा लागला. घटनेने दिलेला हक्क वाचविला तो रस्त्यावर उतरलेल्यांनी; नियामकाने तर तो कागदाच्या एका कपट्याने घालविला होता.

तिसरा प्रसंग महाराष्ट्राच्या परिचयाचा. २०२० साली साथीच्या ऐन भरात राज्य सरकारने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेण्याचे ठरविले. ६ जुलैला आयोगाने सप्टेंबरअखेर त्या घेतल्याच पाहिजेत असे फर्मावले. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही असा निर्वाळा दिला. मुंबईच्या दाट वस्तीतला विद्यार्थी आणि गडचिरोलीच्या जंगलातला विद्यार्थी, दोघांनाही दिल्लीची एकच तारीख. मंत्रालय आणि आयोग यांच्या या झटापटीत विद्वत् परिषदांचा शब्द कोणीच अखेरचा मानला नाही.

जेथे छडी हवी तेथे मौन

तथापि आयोगाचे सारे वाईट असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. देशभर प्राध्यापकांना समान वेतनश्रेणी मिळाली ती त्याच्यामुळे. संस्थाचालकांच्या मर्जीतल्या भाच्या-पुतण्यांना आडकाठी झाली, ती त्याने ठरविलेल्या किमान पात्रतेमुळे. आयोगाचे नियम डावलून नेमलेल्या कुलगुरूंच्या नेमणुका २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या, तेव्हा उघड झाले की राज्य सरकारेही धुतल्या तांदळासारखी नाहीत. महाराष्ट्रानेच डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्ती विधेयक संमत करून कुलगुरूंच्या निवडीत राज्यपालांचे हात बांधण्याचा आणि उच्च शिक्षण मंत्र्याला प्र-कुलपती करून ठेवण्याचा घाट घातला होता. दिल्लीच्या जोखडातून सुटून मुंबईच्या जोखडात मान अडकविणे, याला स्वायत्तता म्हणता येत नाही.

म्हणूनच आयोगाने नियम करावेत की नाहीत, हा खरा प्रश्न नव्हे; ते कोणासाठी करावेत, हा आहे. आयोगाच्याच २०१८ च्या नियमांनुसार कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण एकूण जागांच्या दहा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयात जाऊन पाहावे. पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेला, पीएच.डी. झालेला तरुण तासिका तत्त्वावर, तासाच्या हिशेबाने, मजुरासारखा राबतो आहे. सुटी लागली की त्याची मजुरी बंद. हा नियम मोडला म्हणून कोणत्या सरकारची मान आयोगाने धरली? उलट २०२५ च्या मसुद्यात ती दहा टक्क्यांची मर्यादाच गाळून टाकण्यात आली. कुलगुरूंच्या नेमणुकीत जो आयोग वाघ होतो, तो शिक्षकाच्या भाकरीचा प्रश्न आला की शेळी होतो.

थैली मंत्र्याकडे, छडी नियामकाकडे

आता तर अनुदान देण्याचे मूळ कार्यही त्याच्याकडून काढून घेण्याचा घाट आहे. २०१७ साली उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था उभी राहिली, तीच अनुदानाऐवजी कर्जाची वाट दाखविण्यासाठी. कर्ज फेडायचे तर शुल्क वाढवायचे, आणि शुल्क वाढले की शेतमजुराच्या मुलीने विद्यापीठाच्या दारावरून परत फिरायचे. हा त्याचा सरळ अर्थ. २०१८ सालच्या विधेयकाच्या मसुद्यात आयोग मोडून अनुदानाची थैली मंत्रालयाकडे सोपविण्याचा बेत होता. विरोधामुळे तो बारगळला. डिसेंबर २०२५ मध्ये ‘विकसित भारत शिक्षा अधिष्ठान’ या भारदस्त नावाने तोच बेत लोकसभेत आला आणि संयुक्त संसदीय समितीकडे गेला. नाव बदलले, रोख तोच: पैसा वाटणारा मंत्री आणि शिक्षा करणारा नियामक. मधली भिंत पाडायची, एवढाच सुधारणेचा अर्थ.

या प्रयत्नाला विरोध करणाऱ्यांनी केवळ जुना आयोग वाचवा, अशी हाक देऊन भागणार नाही. मागणी नेमकी हवी. आयोगाचे निम्मे सभासद विद्यापीठांच्या शिक्षकांनी निवडून दिलेले असावेत. राज्यांना त्यात हक्काचे स्थान असावे. विसाव्या कलमातील, वादाचा निवाडा केंद्राकडेच ठेवणारी तरतूद रद्द व्हावी. अनुदान अनुदानच राहावे, त्याचे कर्ज होऊ नये. आणि कंत्राटी नेमणुकांची मर्यादा मोडणाऱ्या सरकारवर, मग ते कोणत्याही पक्षाचे असो, कारवाई करण्याचे बंधन आयोगावर असावे.

या मागण्या परिसंवादांतून सुटणाऱ्या नाहीत. अधिसभेच्या निवडणुका, प्राध्यापक संघटनांच्या सभा आणि तालुक्याच्या महाविद्यालयाचे फाटक, या तिन्ही ठिकाणी कार्यकर्त्यांनी त्या नेल्या पाहिजेत. २०१९ च्या मार्चमध्ये सरकार नमले ते निवेदनांपुढे नव्हे, रस्त्यावरच्या माणसांपुढे, हे विसरता कामा नये. तासिका तत्त्वावरचा शिक्षक आणि शुल्काच्या ओझ्याने वाकलेला विद्यार्थी ज्या दिवशी एका मोर्चात चालू लागतील, त्या दिवशी विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा प्रश्न कुलगुरूंच्या दालनातून बाहेर पडून जनतेचा होईल.