डाग म्हणजे निदान नव्हे

मेंदूच्या स्कॅनवर दिसणारा डाग हे निरीक्षण असते, निदान नव्हे. रुग्णाच्या कागदपत्रांत हा भेद पुसला गेला, तर त्याची किंमत आधी रुग्ण मोजतो आणि मग देशाची आकडेवारी.

याचे बोलके उदाहरण भारतातच घडले. सीटी स्कॅनचा वापर वाढल्यावर आकडी येणाऱ्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहानसा उजळ डाग दिसू लागला. क्षयग्रस्त देशात ती क्षयाचीच गाठ मानली गेली आणि क्षयाची दीर्घ औषधयोजना सुरू झाली. १९९० च्या सुमारास वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी अशा गाठींच्या बायोप्सी तपासल्या. बहुतेक गाठींचे कारण टेपवर्मची अळी निघाली. अशा गाठी पुष्कळदा आपोआप विरतात.

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत यासाठी वेगवेगळे कोड आहेत. स्कॅनवर केवळ जागा व्यापणारी विकृती दिसली, तर आर ९०.०, टेपवर्मची अळी असेल, तर बी ६९.०, मेंदूतील क्षयगाठ असेल, तर ए १७.८. पहिला कोड ‘कारण अद्याप अनिश्चित’ एवढेच सांगतो. तो वापरणे म्हणजे अज्ञान नव्हे, प्रामाणिकपणा होय.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचे काम बेंगळुरूच्या राष्ट्रीय रोग माहिती व संशोधन केंद्रातून चालते. मुंबई, बार्शीसारख्या नोंदणी केंद्रांची माहिती तेथे एकवटते. फुफ्फुसातून मेंदूत पसरलेला कर्करोग (सी ७९.३) कागदावर नुसता ‘मेंदूचा कर्करोग’ (सी ७१) झाला, तर एका अवयवाचा आकडा फुगतो, दुसऱ्याचा घटतो. बेंगळुरूतील संगणक कितीही समर्थ असला, तरी मूळ कागदावर जे लिहिलेच नाही ते त्याला कळणार नाही.

२०२२ पासून वर्गीकरणाची अकरावी, अधिक तपशीलवार आवृत्ती लागू झाली आहे. मात्र डॉक्टरांनी नुसते ‘गाठ’ लिहिले, तर हा तपशील वाया जातो. कोड देणाऱ्या कर्मचाऱ्याने निदानाचा तर्क करणे अपेक्षित नाही. ओपीडीतील गर्दी खरी आहे. तरीही जागा, आकार, संभाव्य कारण आणि त्याचा आधार दोन ओळींत मावतो. बायोप्सीचा अहवाल आल्यावर जुना कोड बदलण्याची जबाबदारी कोणाची, हेही प्रत्येक रुग्णालयाने ठरवावे.

भौतिकशास्त्रात मापनाशेजारी अनिश्चितता नोंदवल्याशिवाय ते मापन पूर्ण मानले जात नाही. रुग्णाच्या निदानाला याहून सैल कसोटी का असावी?