धोतर नेसलेला स्पायडर-मॅन

बंगळूरच्या चर्च स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडताना ‘स्पायडर-मॅन : इंडिया’चे अंक हाती लागले. २००४ साली भारतात निघालेली ही चार अंकांची चित्रकथा. चित्रे जीवन कांग यांची. कथालेखनात त्यांच्यासह शरद देवराजन व सुरेश सीतारामन. देवराजन पुढे ज्या व्हर्जिन कॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक झाले, तिची चित्रशाळा बंगळुरातच होती. असे अंक मुलांच्या हाती द्यावेत काय?

स्टॅन ली व स्टीव्ह डिट्को यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेला पीटर पार्कर येथे पवित्र प्रभाकर झाला आहे. मेरी जेनची मीरा जैन आणि नॉर्मन ऑसबोर्नचा नलिन ओबेरॉय. भाषांतराच्या व्यवसायात असल्यामुळे आद्याक्षरे जुळविण्याची ही हौस मी ओळखतो. परंतु नाव पालटल्याने माणूस पालटत नाही.

तथापि काही ठिकाणी तो खरोखरच पालटला आहे. खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईत शिकावयास आलेला आणि सहाध्यायांच्या टवाळीचा विषय झालेला हा मुलगा आपल्या ओळखीचा वाटतो. मूळ कथेत पीटर पळणाऱ्या चोरास अडवीत नाही. येथे गुंडांनी घेरलेल्या स्त्रीची हाक ऐकूनही पवित्र पुढे निघून जातो आणि तिच्या मदतीस धावलेले भीमकाका प्राणास मुकतात. मान खाली घालून पुढे जाण्याची सवय आपल्यापैकी कोणास नाही? हा बदल भाषांतरकाराचा नव्हे, कथाकाराचा आहे.

उणीव आहे ती चमत्कारात. पीटरला किरणोत्सर्गी कोळी चावला तो निव्वळ योगायोगाने. म्हणून लाभलेल्या बळाचे काय करावयाचे, हे त्याचे त्यालाच ठरवावे लागले. पवित्रला मात्र एक योगी शक्ती देतो आणि तिच्यासोबत जीवितकार्यही. दुसऱ्याने नेमून दिले की स्वतः ठरविण्याचा भार हलका होतो. नलिन ओबेरॉयदेखील ताइताच्या प्रभावाने राक्षस बनतो. लोभी माणसाचा अपराध मग ताइताच्या माथी जातो.

तरीही हे अंक मुलांना अवश्य द्यावेत. वाचून झाल्यावर एवढेच विचारावे : भीमकाकांजवळ कोणती शक्ती होती?