शेवटचा पेग कुणाचा?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन आयटीवाले गेले. आरोपी सतरा वर्षांचा. त्याला दारू दिली म्हणून बारवाल्यांना अटक झाली, आणि ते योग्यच होतं. पण आपल्यासारख्या तिशीतल्या घोड्यांचं काय? अमेरिकेत बऱ्याच राज्यांत झिंगलेल्याला आणखी पाजली तर बारवर दावा लावता येतो. तसा कायदा इथेही हवा, असं मित्र म्हणतात. अहो, टिपवर जगणारा वेटर साहेबाला ‘आता पुरे’ कसं म्हणणार? मागे एका टीम पार्टीनंतर एकाने मला विचारलं होतं, "सर, रिक्षा बोलावू?" मी त्याच्यावरच खेकसलो आणि बाईकला किक मारली. घरी धड पोचलो, निव्वळ नशीब! वाटेत कुणी आडवं आलं असतं, तर काय त्या वेटरला आत टाकायचं होतं? त्या दिवशी टिपही दिली नव्हती मी.